डोनर स्पर्म ट्रीटमेंट, इंग्लंड: सगळ्यात जास्त पैसे वसूल झाले ते काउन्सेलिंगचे

ओळखीतून अधूनमधून कोणीतरी हळूच फोन करतं, नवऱ्याचा रिपोर्ट झिरो काउंट (शुक्राणूच नाहीत) आलाय, डोनरचा विचार चाललाय, तुम्ही कुठे केलं होतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. क्लिनिकचं नाव मुद्दाम लिहीत नाही, साउथ इंग्लंडमधलं मध्यम साइजचं प्रायव्हेट क्लिनिक समजा. पोरगी आता तीन वर्षांची आहे, म्हणजे ट्रीटमेंट लागू पडली हे कळलंच असेल. नर्सेस छान, लॅब छान, स्कॅनला ताटकळत बसावं लागलं नाही, त्यावर अजून काय लिहिणार.

खरा फरक पडला तो डोनर निवडायच्या आधी. इथे कायद्याने क्लिनिकला काउन्सेलिंग ऑफर करावंच लागतं, घ्यायचं की नाही ते आपल्यावर, पण आमच्या क्लिनिकने स्पष्ट सांगितलं की आधी काउन्सेलरकडे बसा, मगच डोनरची लिस्ट उघडू. मला वाटलं फॉर्मॅलिटी असेल, "तुम्हाला कसं वाटतंय" वगैरे. कसलं काय, बाईंनी पहिला प्रश्न थेट नवऱ्याला टाकला, मूल पंधरा वर्षांचं झालंय आणि भांडणात म्हणतंय की तू माझा खरा बाप नाहीस, तेव्हा काय कराल? हा दोन मिनिटं गप्प, आणि मग म्हणाला, मी माझ्या बापाला हेच म्हणालो होतो आणि तो तर सख्खा होता. बाई एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. त्यानंतर मात्र तो जे काही बोलला ते मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. त्याला रक्ताचं वगैरे एवढं काही वाटत नव्हतं, भीती ही होती की उद्या तो माणूस दारात उभा राहिला तर आपण घरात पाहुण्यासारखे होऊ.

याच्यावर बाईंनी भावनिक काही न बोलता सरळ कायदा समजावला, ते मला फार आवडलं. लायसन्स असलेल्या क्लिनिकमधून घेतलं तर डोनरला मुलावर कसलाही हक्क नाही आणि जबाबदारीही नाही, जन्मदाखल्यावर नाव नाही, पोटगी नाही, वारसा नाही. नवऱ्याने संमती दिली की कायद्याने बाप तोच. (फेसबुकवर डोनर शोधून घरच्या घरी करणारे लोक असतात, त्यात आई होणारी सिंगल असेल तर तो डोनर कायद्याने बाप ठरतो, तेव्हा चार पैसे वाचतात म्हणून त्या वाटेला जाऊ नका.) हक्क आहे तो मुलाला. १ एप्रिल २००५ पासून इथे निनावी दान बंद झालं. मूल सोळाचं झालं की एचएफईएकडे म्हणजे सरकारी नियामकाकडे डोनरची ओळख न पटणारी माहिती मागू शकतं, अठराचं झालं की नाव आणि शेवटचा पत्ता. म्हणजे दार ठोठावायचं की नाही ते पोरगी ठरवणार, त्या माणसाला आमचा पत्तासुद्धा मिळणार नाही. हे ऐकल्यावर नवऱ्याचे खांदे अक्षरशः खाली आले.

आता पुण्याशी तुलना करते कारण आम्ही आधी तिथे गेलो होतो. डॉक्टर हुशार, शंका नाही, पण डोनरचा विषय निघाला की वाक्य ठरलेलं, ब्लड ग्रुप आणि रंग मॅच करून देऊ, बाकी विसरून जा आणि घरी कोणाला सांगू नका. भारतात २०२१ च्या एआरटी कायद्याने (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) डोनरची ओळख गुप्तच राहते, त्याचे हक्क संपतात आणि एका डोनरचे सॅम्पल एकाच जोडप्याला देता येतात. ही शेवटची अट मला इथल्यापेक्षा बरी वाटते, इथे एक डोनर दहा कुटुंबांना चालतो आणि तो आकडा फक्त यूकेपुरता. बरेचसे सॅम्पल डेन्मार्क नाहीतर अमेरिकेतून येतात, तिकडे अजून किती भावंडं असतील देव जाणे. पण "विसरून जा" हे मला तेव्हाही खटकलं होतं. आपण विसरू हो, पोरगी मोठी होऊन ऑफरमध्ये डीएनए किट मागवेल त्याचं काय? आणि २०२५ मध्ये बातमी आलीच ना, डेन्मार्कच्या बँकेतल्या एका डोनरच्या सॅम्पलमध्ये कॅन्सरचा धोका वाढवणारा टीपी५३ जीनचा दोष निघाला आणि त्याची मुलं युरोपभर पसरलेली. अशा वेळी आईबापांनी लपवून ठेवलं असेल तर पोराने डॉक्टरला फॅमिली हिस्टरी काय सांगायची?

डोनर निवडणं. आशियाई डोनर फार कमी, यादी उघडली की लगेच संपते. आम्ही घेतला तो मूळ दक्षिण भारतीय, इथेच वाढलेला. उंची, डोळे, ब्लड ग्रुप हे असतंच, पण त्याने स्वतःबद्दल लिहिलेलं एक पान असतं आणि होणाऱ्या मुलासाठी एक निरोप. पानावर लिहिलंय, डावखुरा आहे, गणित बरं आहे, गाणं अजिबात येत नाही, कुत्र्यांची भीती वाटते आणि ती पुढे जाते का माहीत नाही, गेली तर सॉरी. निरोपात बढाया नाहीत, सल्ले नाहीत. अठराव्या वर्षी लिहिलंस तर उत्तर देईन, नाही लिहिलंस तरी काही वाटून घेणार नाही, एवढाच अर्थ. मला तो माणूस तिथेच पटला. परदेशी बँकांच्या साइटवर डोनरचे लहानपणीचे फोटो, आवाजाचं रेकॉर्डिंग असलं सगळं मिळतं, आम्ही बघितलं आणि अर्ध्या तासात स्थळं बघतोय असं वाटायला लागलं, बंद केलं.

डोनर लोकांच्या मनात काय असतं हे मला क्लिनिकपेक्षा ऑफिसमध्ये जास्त कळलं. लंचला डीएनए किटवरून गप्पा चालल्या होत्या आणि आमच्या टीममधला एक इंग्रज सहज म्हणाला की मी विशीत डोनेट केलं होतं, २०१० च्या आसपास. डोनरला किती मुलं झाली, मुलगे की मुली आणि जन्मसाल एवढं विचारता येतं, त्याने विचारून ठेवलंय. घर बदललं की तो एचएफईएला नवा पत्ता कळवतो, स्वतःच्या दोन्ही मुलांना सांगून ठेवलंय की एखाद दिवशी कोणी तरी येईल. मी विचारलं, तू वाट बघतोस का. म्हणाला वाट बघत नाही, पण दार लावूनही बसलेलो नाही. बाप म्हणून त्याला काही नकोय, शाळेचं गॅदरिंग नको की वाढदिवस नको, फक्त पोरं बरी आहेत ना एवढी उत्सुकता. जड जातंय ते त्याच्या बायकोला, ती त्या मुलांची वयं मोजत असते. सगळे डोनर असेच असतील असं नाही, पैशासाठी देऊन विसरणारेही असणार, जरी इथे पैसे म्हणजे एका व्हिजिटचे ४५ पाउंड, त्यात कोणी श्रीमंत होत नाही. पण आईबाप ज्या माणसाला घाबरतात तो माणूस बहुतेक वेळा त्यांच्या डोक्यातच राहत असतो, असं माझं मत झालंय.

सांगायचं कधी, यावर काउन्सेलर ठाम होत्या, लवकर. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधक सुझान गोलोम्बोक यांनी अशी कुटुंबं मूल लहान असल्यापासून वीस वर्षांचं होईपर्यंत अभ्यासली, २०२३ मध्ये निष्कर्ष आले, सात वर्षांच्या आत ज्यांना सांगितलं होतं त्यांचं आईशी नातं जास्त चांगलं. डोनर कन्सेप्शन नेटवर्क म्हणून १९९३ पासूनची संस्था आहे, त्यांच्याकडे कसं सांगायचं याचं साहित्य वयानुसार मिळतं. आम्ही अंघोळीच्या वेळी सांगायला लागलो, बाळ होण्यासाठी बाबाकडे बी नव्हतं, मग एका माणसाने दिलं. आमच्या छोट्या बाईसाहेबांचा प्रश्न, त्याच्याकडे सायकल आहे का? माहीत नाही म्हटलं, विषय संपला.

सासूबाईंचं प्रकरण वेगळं. बारशाच्या व्हिडिओ कॉलवर "नाक अगदी आमच्या अण्णांचं" झालं होतं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता हो हो करत होतो. पण पोरीला सांगायचं आणि आजीपासून लपवायचं हे जमणारच नव्हतं, ती कॉलवर बोलून मोकळी झाली असती. नवऱ्यानेच सांगितलं. आई आधी गप्प, मग "कोणाला बोलू नका", आणि दुसऱ्या दिवशी मला एकटीला फोन, "अगं, पण तो आपल्यातला आहे का?" म्हटलं आई, फॉर्मवर जातीचा कॉलमच नाहीये. मग म्हणाल्या, बरं, शिकलेला आहे ना. आहे म्हटलं. परवा त्यांनी स्वतःहून विचारलं, त्याचं घरचं बरं चाललंय ना, जणू काही लांबचा पाहुणा. नवऱ्याला ते ऐकून हसू आलं, दोन वर्षांपूर्वी आलं नसतं.

शेवटी पैशांचं, कारण इथे क्लिनिकने वैताग दिला. एका व्हायलला (सॅम्पलच्या छोट्या कुपीला) हजार पाउंडांच्या वर गेले, एनएचएसकडून म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडून आम्हाला काही मिळालं नाही. दुसरं मूल त्याच डोनरचं हवं असेल तर व्हायल आधीच राखून ठेवायला लागतात, हे पहिल्याच भेटीत विचारा, नंतर डोनरचा स्टॉक संपलेला असतो. आम्ही राखून ठेवल्या, आणि स्टोरेजची फी एकाच वर्षाची दोनदा कापली गेली. रिसेप्शन म्हणतं अकाउंट्सला मेल करा, अकाउंट्स म्हणतं लॅबला विचारा. ट्रीटमेंट आणि काउन्सेलिंगला पाच स्टार, बिलिंगला एक. रिफंड आला की इथेच अपडेट करते.