६० हजारात गेमिंग पीसी : सोलापूरचं ऊन आणि मागाची धूळ धरून

२०२४ च्या दिवाळीत पीसी बांधला आणि तेव्हाच लिहिणार होतो, पण डब्यातून काढल्या काढल्या सगळंच भारी वाटतं, म्हणून म्हटलं एक उन्हाळा जाऊ दे मग बोलू. आता उन्हाळा गेला, पावसाळा गेला, मशीन जिवंत आहे, तर सांगतो काय घेतलं, काय चुकलं आणि कुठं पैसे वाचले.

आधी शहरातल्या एका दुकानात कोटेशन काढलं होतं, नाव घेत नाही. ५२ हजार, त्यात रायझन ५५०० प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड, आणि पुढनं काचेचं कॅबिनेट ज्यात पाच फॅन रंगपंचमी खेळतात. मी विचारलं एसएमपीएस, म्हणजे सगळ्याला वीज देणारा डबा, कुठल्या कंपनीचा? तर म्हणे, "कॅबिनेटसोबतच येतो की ओ मालक, साडेचारशे वॅट आहे, काय होत नाही." मी म्हटलं जरा दाखवा, तर बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या लाईनला १८ अँपिअर लिहिलेलं. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही त्याच लाईनवर जेवतात, मग साडेचारशेतल्या उरलेल्या वॅटचं काय लोणचं घालायचं? तिथनंच उठलो. दुकानदार वाईट माणूस नव्हता, चहा पण पाजला, पण त्याच्याकडं जो माल पडून होता तोच तो माझ्या गळ्यात मारत होता.

मग महिनाभर भाव बघत बसलो आणि तुकड्या तुकड्यात घेतलं. मला पडलेले भाव असे: रायझन ५ ५६०० साडेअकरा हजार, बी५५०एम बोर्ड नऊ, सफायरचं आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड एकवीस, ८-८ च्या दोन डीडीआर४ रॅम सव्वातीन, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी पाच, ब्रॉन्झवाला ५५० वॅटचा एसएमपीएस चार, आणि पुढनं जाळी असलेलं अँट एस्पोर्ट्सचं कॅबिनेट पावणेचार. म्हणजे साडेसत्तावन्न. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस जुनेच.

आता यातलं एकेक. ५५०० आणि ५६०० मध्ये "फक्त शंभरचा फरक" असं दुकानात सांगतात, ते खोटं आहे. दोन्हीला ६ कोर १२ थ्रेड, कबूल, पण ५५०० मध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी, १६ एमबी आणि ५६०० मध्ये ३२, आणि ५५०० ला पीसीआयई, म्हणजे प्रोसेसर आणि कार्डामधला रस्ता, जुना ३.० च आहे. आरएक्स ६६०० मुळात आठच लेन वापरतं, त्यामुळं ४.० असलेला प्रोसेसर आणि बोर्ड घेतला तर त्याला पूर्ण रस्ता मिळतो. इंटेलवाल्यांनी आय५ १२४००एफ घेतला तरी चालेल, तोही चांगलाच आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा, १२४००एफ काय आणि ५६०० काय, दोघांच्याही पोटात ग्राफिक्स नाही, म्हणून मॉनिटरची वायर ग्राफिक कार्डालाच लावायची. माझ्या मामेभावानं पहिल्या दिवशी एचडीएमआयची वायर बोर्डाला लावली आणि अर्धा तास "बे, बोर्ड गेला बे" करत डोकं धरून बसला होता.

ग्राफिक कार्डावर मी सगळ्यात जास्त पैसे घातले आणि ते बरोबरच झालं. १६५० पेक्षा ६६०० साधारण दुप्पट पळतं, वर ८ जीबी मेमरी आणि वीज १३२ वॅटच. १०८० पी वर जे खेळतो ते हाय सेटिंगला ६० एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांच्या, वरच राहतं, व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये तर कार्ड झोपा काढतं. पण रे ट्रेसिंगचं, म्हणजे गेममधल्या खऱ्यासारख्या उजेड-सावलीचं, नाव काढू नका, चालू केलं की बैलगाडी होते. आणि घरात कुणी ब्लेंडरवर थ्रीडी काम किंवा व्हिडिओ एडिटिंग करत असेल तर हे घेऊच नका, सरळ एनव्हिडियाचं ३०६० किंवा ४०६० बघा. माझी बहीण आता मला त्यावरनंच बोलते. कार्ड पुण्यातनं घेतलं, मामा कामाला गेले होते, हुतात्मा एक्सप्रेसनं परत येताना अख्ख्या प्रवासात डबा मांडीवर. पक्कं बिल, त्यावर सिरीयल नंबर, हे मात्र आधी फोनवर चारदा बजावलं होतं. बिनबिलाचं हजार रुपये स्वस्त मिळतं, पण वॉरंटीला गेल्यावर तुमच्याकडं कुणी बघत नाही.

रॅमचं एक सांगतो, १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या, आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं चालवायचं बटण, चालू करा. नाहीतर ३२०० ची रॅम २६६६ ला नाहीतर २४०० ला चालत बसते आणि आपल्याला पत्ता नसतो. मी तीन आठवडे तसाच खेळलो. त्यानंतर २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव असे भडकले की माझी सव्वातीन हजाराची जोडी आता मित्रांना दाखवून छाती फुगवतो. आज नवीन बांधायचं असेल तर डीडीआर५ वाला एएम५, म्हणजे रायझनच्या नव्या सॉकेटचा, बोर्ड पुढं टिकेल हे खरंय, पण आजचा रॅमचा भाव बघूनच ठरवा, आणि घरात जुनी डीडीआर४ पडली असेल तर माझ्यासारखं जुनं एएम४ अजून मेलेलं नाही.

आता आपल्या गावाचा विषय. आमचं घर अशोक चौकाच्या मागं, गल्लीत अजून कापड विणायचे माग चालतात, दिवसभर खट्‌खट्‌ आणि हवेत कापसाची लव. आईचं झाडून संपत नाही तिथं पीसीचं काय! काचेचं कॅबिनेट घेतलं असतं तर हवा आत यायला फटच नव्हती. जाळीवाल्यात पुढं दोन फॅन आत ओढणारे आणि मागं एक बाहेर फेकणारा ठेवला, म्हणजे हवा फिल्टरमधनंच आत येते, फटीतनं नाही. दर पंधरा दिवसाला फिल्टर काढला की चादरीचा तुकडा निघाल्यासारखा पांढरा थर निघतो, खोटं नाही. रंगवण्याच्या ब्रशनं झटकायचा, पाच मिनिटाचं काम. हे इथं जो करणार नाही त्यानं लाखाचा पीसी घेऊन उपयोग नाही.

आणि ऊन. एप्रिलपर्यंत ५६०० सोबत आलेला छोटा फॅन पुरला, पण मे मध्ये दुपारी खोलीच ३८-३९ अंश झाली, बाहेर ४३. प्रोसेसर ८८ ला जाऊन टेकला. त्याची मर्यादा ९०, त्याच्यावर तो स्वतःच वेग कमी करतो आणि गेम अडखळायला लागतो. मग प्रोसेसरवर बसवायचा डीपकूलचा एजी४०० कूलर घेतला, एकोणीसशेला, आणि तोच गेम ७४-७५ वर आला. घरात "कूलर घेतोय" म्हटल्यावर आई म्हणाली आधीच एक आहे की, परत कशाला. त्या एकाचा पण किस्सा आहे, थंड वारं लागावं म्हणून कूलर पीसीकडं तोंड करून ठेवला होता, ओलसर हवा आणि लव मिळून हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांवर, लापशी झाली. तसं करू नका. दुपारी खेळायचंच असेल तर गेममध्ये एफपीएस ७५ ला बांधून टाका, कार्ड लगेच थंड पडतं, डोळ्याला फरक कळत नाही.

लाईटचं तर बोलायलाच नको. माझ्याकडं जुना ६०० व्हीएचा यूपीएस होता, म्हणजे ३६० वॅट. प्रोसेसर ७६, कार्ड १३२, बोर्ड-फॅन-एसएसडी धरून पन्नास, मॉनिटर पंचवीस, म्हणजे हिशोबात बसतं. तरी लाईट गेली की पीसी पण जायचा. एसएमपीएसवर संशय घेऊन दोन दिवस शिव्या दिल्या, शेवटी निघालं यूपीएसची बॅटरी मेलेली. १२ व्होल्ट ७ एएचची नवी टाकली, हजाराच्या आसपास, आता लाईट गेल्यावर गेम सेव्ह करून शांतपणे बंद करण्याइतका वेळ मिळतो. तेवढाच, मॅच पूर्ण होत नाही. आणि ब्रॉन्झ म्हणजे दर्जा असं समजू नका, ती फक्त वीज किती वाया जाते त्याची पट्टी आहे, अर्ध्या लोडला ८५ टक्के वगैरे. आतला माल कसा आहे ते १२ व्होल्टचे अँपिअर आणि वॉरंटीचे वर्षं बघून कळतं. माझ्याला ५ वर्षं आहे.

चुकलं ते एवढंच, बोर्ड वायफायशिवाय घेतला. सातशे रुपये वाचवले आणि आता राऊटरपासनं जिन्यावरनं निळी वायर आलीय, येणारा-जाणारा तिला अडखळतो. कॅबिनेट आणि एसएमपीएस मात्र इथंच सोलापुरात घेतले, त्याच दुकानातनं नाही, दुसऱ्या. जड सामान, काच, कुरियरचा भरवसा नाही, आणि समोर लावून दाखवलं की आपण पण निश्चिंत. मॉनिटर घेणार असाल तर तोही असाच, दुकानात लावून, पांढरा पडदा करून मेलेला पिक्सेल बघूनच पैसे द्या.