गिटारीच्या लाकडापायी 36,700 रुपये गेले. फोटो पाहून लाकूड घेऊ नका

मी सुतार आहे. वैनगंगेच्या काठावरच्या एका गावात, घराच्या मागच्या पडवीत माझं दुकान आहे. चौकटी, दिवाण, कपाटं करतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम लागला की मंडळ्यांच्या पेट्याही दुरुस्तीला येतात. वीस वर्षं झाली लाकडात. हे आधीच सांगतो, कारण "लाकूड ओळखता येत नाही का तुला" हे मला ठाण्यात, बँकेत आणि घरात, तिन्हीकडे ऐकवून झालं आहे. येतं ओळखता. डोळे मिटून, नुसत्या वासावर येतं. पण हातात न घेताच मी पैसे दिले.

हिशेब असा : 5,000 ॲडव्हान्स. 9,500 माल निघायच्या आधी. 3,850 'परवान्याचे'. आणि शेवटी एका क्यूआर कोडवर 18,350. एकूण 36,700. दोन दिवाण आणि एका कपाटाची मजुरी.

कोणी म्हणेल, बल्लारशाचा डेपो तुमच्या बाजूचा, अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांना तिथून साग गेला, आणि तुम्ही लाकूड मोबाइलवरून मागवता? साग चौकटीला राजा, पण गिटारीच्या वरच्या पाटीला जड पडतो. ती पाटी एका सुतापेक्षाही, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापेक्षाही पातळ असते, अडीच-तीन मिलिमीटर, आणि तिने सहा तारांचा सत्तर किलोच्या आसपासचा ताण जन्मभर सोसायचा असतो. हलकं आणि ताठ, दोन्ही गुण एकाच लाकडात लागतात. पोरीसाठी पहिली गिटार मी शिवणीच्या लाकडाची केली होती, आवाज बसका आला. स्प्रूस त्यासाठीच हवं होतं. सिटका स्प्रूस हे अलास्का आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं झाड, ते आपल्याकडच्या डेपोत कुठून येणार? बाकी तयारी झाली होती. साचा कापून ठेवला होता, बाजूच्या पट्ट्या वाकवायला जाड लोखंडी पाइप शेगडीवर बसवला होता. फ्रेटच्या, म्हणजे दांडीवर आडव्या बसणाऱ्या तारांच्या, पट्टीवर खुणाही मारून झाल्या होत्या. साडेसहाशे मिलिमीटर तारेची लांबी भागिले 17.817, पहिला फ्रेट 36.48 वर. फक्त लाकूड यायचं होतं.

वाद्यं बनवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर एका लाकूड विकणाऱ्याची जाहिरात दिसली. वरची पाटी सिटका, मागची आणि बाजूच्या पट्ट्या शिसवीच्या, पूर्ण सेट 14,500. बोलायला गोड. पहिल्या दिवशी 'सर', दुसऱ्या दिवशी 'दादा', आणि मी विदर्भातला आहे कळल्यावर 'भाऊ'. तेव्हा ते आपुलकीचं वाटलं.

आता ज्या गोष्टीने मला अजून रात्री झोप येत नाही, ती सांगतो.

त्याने पाठवलेल्या फोटोत वरच्या पाटीचे दोन अर्धे शेजारी ठेवले होते. हे अर्धे एकाच फळीतून उभे चिरतात आणि पुस्तकासारखे उघडतात, म्हणून डाव्याच्या रेषा उजव्यात आरशातल्यासारख्या उलट दिसायला पाहिजेत. मी कपाटाच्या दोन पल्ल्यांना विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, असंच लावतो. लग्नसराईत तर रोज. त्या फोटोत खालच्या काठापासून चार बोटं वर डिंकाची एक तपकिरी रेघ होती, तांदळाच्या दाण्याएवढी. डाव्या अर्ध्यात ती उजवीकडे कललेली. उजव्या अर्ध्यातही उजवीकडेच कललेली. म्हणजे एकाच फळीचा फोटो दोनदा चिकटवलेला. मला ते दिसलं होतं. मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, मनात म्हटलं, एक फळी पालथी ठेवून फोटो काढला असेल, आणि 5,000 पाठवले. पालथी ठेवली असती तरी डिंकाची रेघ तशी दिसली नसती, हे मला आता कळतं असं नाही. तेव्हाही कळत होतं. लाकूड हवं होतं म्हणून मी स्वतःलाच गप्प केलं.

पैसे पाठवताना नावही वेगळंच आलं, किराणा दुकानासारखं. विचारलं तर "वहिनीचं खातं आहे भाऊ." असं कोणी म्हटलं की तिथेच थांबा.

3,850 चं सांगतो, कारण त्यावर लोक जास्त हसतात. त्याने सांगितलं, शिसवी साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, परवाना लागतो. यादीत ती आहेच, 2017 पासून शिसवीच्या सगळ्या जाती त्या यादीत आहेत. आणि आमच्याकडे सागाचा माल हलवायचा तर वनखात्याची टीपी, म्हणजे वाहतुकीचा पास लागतो, हे सुताराच्या पोराला पाळण्यात कळतं. त्यामुळे 'परवाना' शब्द मला खरा वाटला. पण साइट्सचा परवाना देशाच्या सीमेपलीकडे माल जातो-येतो तेव्हाचा असतो. महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाकडून महाराष्ट्रातल्याच माणसाने त्याचे पैसे घ्यायचा प्रश्नच नाही. हे मी पैसे गेल्यावर वाचलं.

बारा दिवसांनी खोकं आलं. उघडताच फेविकॉलसारखा वास. स्प्रूसला राळेचा वास असतो. काठावर रंधा एकदाच मारला, तर पांढऱ्या विनियरखाली आडव्या रेषांचा थर निघाला. प्लाय. 'शिसवी'ची एक साल काढली तर आत फिकट पिवळं लाकूड, रंग फक्त वरून मारलेला. खोकं उघडताना व्हिडिओ काढला नाही. तुम्ही काढा, कॅमेरा बंद न करता, चिठ्ठीपासून शेवटच्या फळीपर्यंत.

मी फोनवर ओरडलो. तो माफी मागत राहिला, "गोडाउनवाल्याने चुकीचा माल भरला भाऊ, पूर्ण 18,350 परत करतो," म्हणाला आणि क्यूआर पाठवला. मी रागात होतो, पोरगी नागपूरला, फोन इंग्रजीत. स्कॅन केला, पिन टाकला. खात्यात यायचे ते 18,350 खात्यातून गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही. हे प्रत्येकाला ठाऊक असतं, मलाही होतं.

तिथून पुढे जे झालं त्याचा राग चोरट्यापेक्षा कमी नाही. लाजेने मी रात्रभर कोणाला बोललो नाही. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला तोवर 19 तास झाले होते. पैसे गेल्या-गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात ते अडवता येतात, म्हणून आधी 1930, मग बायको, मग बँक, मग ठाणं. मी उलट्या क्रमाने गेलो. बँकेत साहेबाने मान वर न करता विचारलं, "पिन तुम्हीच टाकला ना? मग आम्ही काय करणार?" ठाण्यात पहिल्या दिवशी, "साहेब बंदोबस्तात आहेत." दुसऱ्या दिवशी, "काहून पाठवले जी पैसे? गिटार काय खायची वस्तू आहे का?" आणि चार जण हसले. तिसऱ्या दिवशी, "आरोपी आपल्या हद्दीतला नाही." मी म्हटलं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवावी लागते, आणि न्याय संहितेत फसवणुकीचं कलम आता 318 आहे. त्यावर "वकील झाला का रे?" एफआयआर नाही, साध्या कागदावर अर्ज घेतला. पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता. शिक्का सापडेपर्यंत मी पावणेदोन तास बाकावर बसलो आणि पोच घेऊनच उठलो. तुम्हीही उठू नका. एका दिवसाची मजुरी 700, अशा पाच फेऱ्या. ते 3,500 वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

पुढे कळलं की चोरट्याच्या खात्यात 2,140 रुपये अडवले गेले आहेत. ते मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाने अर्जाचे 3,000 सांगितले.

चॅट पुसू नका, मी रागात अर्धं पुसलं. व्यवहाराचा क्रमांक वहीत हाताने लिहून ठेवा. लाकूड विकणारा खरा असेल तर फळीच्या टोकाचा, म्हणजे कापलेल्या तोंडाचा फोटो मागितल्यावर कुरकुर करणार नाही. प्लाय तिथेच उघडा पडतो. आणि फळीवर आजची तारीख खडूने लिहून फोटो पाठवा म्हणा.

परवा तोच फोटो दुसऱ्या ग्रुपवर दिसला. नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत 12,800. मी खाली लिहिलं की हा चोर आहे, तर दहा मिनिटांत मलाच ग्रुपमधून काढलं. तो फोटो तुमच्यापैकी कोणाकडे आला तर खालच्या काठापासून चार बोटं वर बघा. तांदळाच्या दाण्याएवढी तपकिरी रेघ आहे, दोन्ही फळ्यांत उजवीकडे कललेली.