इनलाइन, ब्लॉक की ग्रिड? चादरींच्या दुकानाचं पान मांडताना

वेबपानावरचा तुकडा कसा मांडायचा, हे सीएसएस या पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत सांगता येतं. इनलाइन तुकडा ओळीत शब्दांसारखा वाहतो, ब्लॉक स्वतंत्र ओळीवर पूर्ण रुंदी घेतो, इनलाइन-ब्लॉक ओळीतच बसतो पण चौकोनासारखी स्वतःची रुंदी-उंची ठेवतो. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका दुकानाचं वेबपान करताना मी चादरींचे चौकोन आधी इनलाइन-ब्लॉकमध्ये मांडले. प्रत्येकाला २५ टक्के रुंदी दिली, म्हणजे रांगेत चार बसायला हवेत. पण चौथा खाली घसरायचा. कोडमध्ये दोन डिव्हच्या (म्हणजे चौकोनांच्या टॅगच्या) मधे नवी ओळ असली, की ब्राउझर तिथे दोन शब्दांत सोडतो तेवढी फट सोडतो. चार पंचवीस शंभर, त्यावर तीन फटी, मावणार कसं? शिवाय एखाद्या चादरीचं नाव लांबून दोन ओळींत गेलं, की शेजारचे चौकोन खाली सरकायचे, कारण ते सगळे आपापल्या शेवटच्या ओळीच्या पायाशी जुळतात. व्हर्टिकल-अलाइन टॉप, म्हणजे वरच्या कडा जुळव, असं सांगितलं की हे दुखणं जातं, फटीचं राहतंच.

म्हणून वस्तूंच्या रांगांना ग्रिडच, म्हणजे रांगा-रकान्यांची जाळी, घ्या. मोठ्या ब्राउझरांत ते २०१७ पासून आहे. ऑटो-फिल, म्हणजे मावतील तेवढे रकाने आपोआप पाडणारी सोय, लावून किमान रुंदी १६० पिक्सेल ठेवली, तर ३६० पिक्सेलच्या मोबाइलवर दोन चादरी दिसतात, मोठ्या पडद्यावर मावतील तेवढ्या. चौकोनाच्या आत किंमत डावीकडे आणि ‘मागवा’ बटण उजवीकडे हवं असेल, तर फ्लेक्स, म्हणजे तुकडे एका रांगेत मांडणारा पर्याय, पुरतो.

पत्ता, धुण्याच्या सूचना, परिच्छेद यांना साधा ब्लॉक बरा. एवढंच ध्यानात ठेवा: वरच्या ब्लॉकचं खालचं मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) २० पिक्सेल आणि खालच्याचं वरचं ३० असेल, तर अंतर ५० नव्हे, ३० पडतं.

खरा प्रश्न पडतो तो मजकुरातल्या रंगीत पट्टीचा. वर्णनात ‘१०० टक्के सुती’ उठून दिसावं म्हणून मी त्या शब्दांभोवतीच्या स्पॅनला (ओळीतल्या मजकुराच्या टॅगला) रंग आणि चारही बाजूंनी ८ पिक्सेल पॅडिंग (मजकूर आणि कडा यांतली जागा) दिलं. इनलाइनमध्ये वरखालचं पॅडिंग रंगतं, पण ओळीला जागा करून देत नाही. वरच्या ओळीत ‘गुलाबी’ होतं. त्याचा उकार पट्टीखाली गेला आणि वाचायला ‘गलाबी’ उरलं. इंग्रजी मजकुरावर बेतलेली मापं आपल्या लिपीला तोकडी पडतात ती अशी. तीच पट्टी इनलाइन-ब्लॉक केली, की ओळ आपोआप उंच होते. दोन-तीन शब्दांच्या पट्टीला मी तेच निवडेन. अख्खं वाक्य रंगवायचं असेल तर मात्र इनलाइनच ठेवा, कारण इनलाइन-ब्लॉक मजकुराच्या मधे तुटत नाही, जागा कमी पडली की अख्खा पुढच्या ओळीवर जातो. अशा वेळी वरखालचं पॅडिंग २ पिक्सेलवर आणा आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) १.८ करा.