सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवाल्यांनो, मंडई गाठा!

स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येऊन कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणाऱ्या, मेसच्या पातळ आमटीला आणि रोजच्या बटाट्याला विटलेल्या सगळ्यांना मनापासून सांगते, महात्मा फुले मंडई गाठा. पेठेतून पायी जाता येतं. लांब राहत असाल तर २०२४ पासून मेट्रोचं मंडई स्टेशनही झालंय.

मी आणि माझी रूममेट खोलीवर इंडक्शनवर स्वयंपाक करतो. फ्रीज नाही. दोघींचा किराणा-भाजी मिळून खर्च साडेतीन हजारांच्या आत बसवायचा असतो. ज्वारीचं पीठ गावाकडून येतं, बाकी जवळजवळ सगळं मंडई परिसरातून.

जायचं ते दिवेलागणीनंतर. १८८६ सालची दगडी इमारत एकदा आतून बघाच, पण आत ओट्यांवरचा माल निवडक असतो आणि भावही त्याच तोलाचा. आमची खरेदी बाहेर बसणाऱ्या मावश्यांकडे. पालेभाजी रात्रभर ठेवून कुणाला परवडत नाही, म्हणून त्या वेळी भाव उतरतो.

"मावशी, चाकवत कसा?"

"वीसला जुडी. राहिलेल्या दोन्ही घे, तीस दे. मला आता घर गाठायचंय."

एका जुडीची ताकातली पातळ भाजी होते, भिजवलेली हरभरा डाळ आणि मूठभर शेंगदाणे घालून. वरून लसणाची फोडणी. दुसरी जुडी चिरून ज्वारीच्या पिठात मळली की सकाळची थालीपिठं. मेथी, शेपू, राजगिरा, तांदुळजा, जे स्वस्त असेल ते आणावं, आपण ठरवून जाऊ नये. ताटात लिंबाची फोड मात्र हवीच, पाल्यातलं लोह त्यामुळे अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, त्याने उलटं होतं. मुलींनी तर हे पाळावंच, आमच्या अभ्यासिकेत अशक्तपणाची तक्रार नसलेली मुलगी शोधावी लागते.

पहिले दोन दिवस पाला, मग कोबी, गाजर, लाल भोपळ्याची फोड असा क्रम लावला की काही वाया जात नाही.

खरी कमाई मात्र कडधान्याची. जवळच्या दुकानांत सुटं मिळतं. आम्हाला अर्धा किलो मटकी साठच्या आसपास पडते. शंभर ग्रॅम कोरड्या मटकीत साधारण वीस ग्रॅम प्रथिनं असतात, एवढ्या पैशात ती दुसरीकडे मिळवून दाखवा! रात्री भिजवायची, सकाळी उपसून ओल्या पंचात घट्ट बांधायची, वर ताटली. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत पंचाच्या विणीतून पांढरे मोड डोकावतात. थंडीत आणखी एक रात्र जाऊ द्यावी लागते. प्रथिनांच्या घटकांपैकी ज्वारीत लायसिन कमी आणि मटकीत मेथिओनिन, त्यामुळे भाकरी-उसळ एकत्र पोटात गेली की दोन्ही भरून निघतं. हजार-हजार रुपयांचे पावडरचे डबे घेणाऱ्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं. मधल्या भुकेला फुटाणे आणि गूळ, वडापावपेक्षा कधीही बरे.

तक्रारी आहेत. काही जण जुड्यांवर इतकं पाणी मारतात की खोलीवर येईपर्यंत मधली पानं काळी पडतात, तेव्हा जुडी बांधलेल्या जागी दाबून बघा. टोमॅटो निवडू देत नाहीत तिथून सरळ पुढे जा. पावसात बाहेरच्या बाजूला चिखल होतो, घसरायला होतं. गणपतीच्या दिवसांत शारदा-गजाननाच्या दर्शनाची गर्दी असते, तेव्हा पिशवी सांभाळत भाजी घेणं अशक्यच.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. दोन कापडी पिशव्या न्या, एक पाल्यासाठी वेगळी. फळांकडे शेवटी वळा, डाग पडलेले पेरू तेव्हा वाट्यावर मिळतात.