घरघंटी: दीड वर्ष, दोन लेकरं आणि आठवड्याला 40 किलो ज्वारी

मी लातूरची. घरातूनच ज्वारीचं पीठ, कण्या आणि येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या, शेतात जाऊन जेवायच्या सणाच्या) दिवसांत आंबिलीसाठी जाडसर पीठ विकते. 2024 च्या अक्षय्य तृतीयेला गंजगोलाईतल्या एका दुकानातून एक एचपीची घरघंटी, म्हणजे घरात चालणारी विजेची पिठाची चक्की घेतली, 16,500 रुपयांना. माझ्यासारखं घरातून काम करणाऱ्या, कडेवर लेकरू असलेल्या बायका तिच्याबद्दल विचारत असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गिरणीवर जायचे. लेक तेव्हा दीड वर्षाची. स्कूटीच्या पायाशी डबा, ओढणीनं पाठीला बांधलेली लेक, आणि गिरणीत नंबर लावून उभं राहायचं. मध्येच लाइट गेली की दळण तिथंच ठेवून परत यायचं आणि संध्याकाळी पुन्हा जायचं. ज्वारीचं पीठ साठवूनही चालत नाही. काही दिवस झाले की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कितीही कढत पाण्यात मळा, भाकरी थापताना कडा चिरतात. अजून शिळं झालं की कडवट लागतं. माझं गिऱ्हाईक ताज्या पिठासाठीच माझ्याकडे येतं, त्यामुळे आठवड्यातून तीनदा दळायला पर्यायच नव्हता.

दुसरं कारण आमच्याच गल्लीतल्या एका आजीबाईंचा नातू. त्याला गव्हाचा कणही चालत नाही, डॉक्टरांनी सीलिअॅक सांगितलंय. गिरणीत माझ्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतोच आणि त्याचं पीठ जात्यात उरलेलं असतं. त्या लेकराला पोटदुखी झाली की माझ्याच पिठामुळे तर नसेल ना, असं वाटून मला झोप लागायची नाही. आज माझ्या यंत्रात ज्वारीशिवाय काहीही जात नाही. घरचा गहू आणि धपाट्याच्या पिठाचं दळण अजूनही गिरणीवरच जातं. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी ही घरघंटी पुन्हा घेईन.

आता यंत्राबद्दल. यात दगडाचं जातं नसतं. जोरात फिरणारी पाती दाण्याचा चुरा करतात आणि तो जाळीतून खाली डब्यात पडतो. पीठ किती बारीक निघणार ते जाळीवर ठरतं. भाकरीसाठी बारीक जाळी लावली की माझं तासाला साडेसहा किलो दळून होतं. दुकानदारानं दहा सांगितलं होतं. ते जाड जाळीवर, कण्या काढताना, जवळपास खरं आहे. भाकरीच्या पिठाचा हिशेब तसा धरू नका. पीठ हाताला गिरणीच्या पिठाइतकं मऊ लागत नाही, किंचित रवाळ लागतं. सासूबाईंना आम्ही मामी म्हणतो. मामींनी पहिल्याच दिवशी भाकरी थापून सांगितलं, "पाणी अजून कढत घे, अन् मळताना तळहाताचा जोर लाव." तेव्हापासून मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला हेच सांगते आणि तक्रार येत नाही. कण्या मात्र अप्रतिम निघतात. माझी लेक कण्या आणि ताकावरच वाढली.

वीज फार खात नाही. एक एचपी म्हणजे 746 वॅट, तासाला पाऊण युनिट. भरल्या यंत्राला त्याहून थोडी जास्त लागते. माझी महिन्याला साधारण 24 युनिटं वाढली. पण घराचा वापर आधीच शंभर युनिटांच्या आसपास असेल, तर पुढची युनिटं महाग दरानं पडतात. पिठाचा भाव काढताना ते विसरू नका, मी पहिले चार महिने विसरले होते.

पावसाळ्यात दाणा सादळतो आणि जाळी बुजते. ऊन नसेल तर मी ज्वारी रात्रभर पंख्याखाली पसरते. चालू यंत्रात लाइट गेली तर लाइट आल्यावर लगेच बटण दाबू नका. आतला दाणा आधी काढून घ्या, नाहीतर मोटार नुसती घुमते आणि तापते. दार उघडलं की यंत्र आपोआप बंद होतं, ही सोय लेकरांच्या घरात फार मोलाची. तरी मी प्लग काढल्याशिवाय खोलीबाहेर जात नाही.

आता आवाज. त्याबद्दल दुकानात कुणी नीट सांगत नाही. मिक्सर दोन मिनिटांत थांबतो, हे दोन तास चालतं. आमच्या वरच्या खोलीत नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या तीन मुली भाड्यानं राहतात. लातुरात जवळपास प्रत्येक गल्लीत अशी पोरं आहेत, आणि त्यांच्या दोन वर्षांवर त्यांच्या घरच्यांनी काय काय पणाला लावलेलं असतं ते मी बघते. त्या सकाळी क्लासला जातात, तेव्हा दहा ते बारा मी दळते. त्याच वेळात लेक अंगणवाडीत असते. पोरगा सहावीत आहे, तोही शाळेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार.

ही वेळ ठरायला मात्र वर्ष गेलं. यंत्र घरात आलं तसं काम चोवीस तास घरात आलं. गिरणी आठला बंद व्हायची, माझी बंदच होईना. कुणी रात्री नऊला "ताई, सकाळी पाच किलो पाहिजे" म्हटलं की मी हो म्हणायची. पोरगा गणित घेऊन शेजारी बसलेला, आवाजात त्याचं बोलणं मला ऐकू येत नसे. एक दिवस तो वही घेऊन स्वतःच शेजारच्या काकूंकडे गेला. मला न विचारता, न रुसता. त्या रात्री मी यंत्र बंद केलं आणि आमच्या ह्यांच्याशी बोलून तीन दिवसांचं ठरवलं. दोन गिऱ्हाइकं सुटली. बाकीच्यांनी आपापले दिवस लावून घेतले. पाकिटं भरायला आता ह्यांचा आणि मामींचा हात लागतो.

पाकीट विकायचं तर एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करून घ्या. मी केली तेव्हा उलाढाल वर्षाला 12 लाखांच्या आत म्हणून मला साधी नोंदणी पुरली, वर्षाची फी तेव्हा 100 रुपये होती. 14 अंकी नंबर पाकिटावर छापते.

सर्व्हिसवर मी खरंच नाराज आहे. डिसेंबर 2024 मध्ये, ऐन येळवशीच्या तोंडावर मोटार बंद पडली. वॉरंटी होती, पण माणूस यायला 19 दिवस लागले. रोज फोन, रोज "उद्या". ऑर्डरचे पैसे मी घेऊन बसलेले. शेवटी गिरणीवाल्या काकांनी पहाटे पाचला, इतर दळणं सुरू व्हायच्या आधी, जातं झाडून मला दळून दिलं. त्या नातवाच्या घरी मात्र मी पीठ दिलं नाही, पैसे परत केले. म्हणून घेताना दुकानदाराला एकच विचारा: दुरुस्तीचा माणूस लातुरातच आहे का? आणि बारीक जाळी एक जादा घेऊन ठेवा, तीच आधी झिजते.

दिवसाला दहा-बारा किलोपर्यंत काम असेल तर डोळे झाकून घ्या. त्याहून जास्त असेल तर हे यंत्र झेपणार नाही, मोठ्या चक्कीचा विचार करा.

यंदा येळवशीच्या आठवड्यात मी 70 किलोवर ऑर्डर बंद करणार आहे. आदल्या दिवशी दुपारी प्लग काढायचा, आणि सकाळी लेकरांना घेऊन भावाच्या शेतात, कडब्याच्या कोपीपाशी भाज्यांची भज्जी आणि आंबील खायला.