जुना आर-२२ चा एसी रिपेअर करायचा की नवीन घ्यायचा? आणि नवीन म्हणजे आर-३२ की आर-२९०?

एसी थंड करत नाहीये, मेकॅनिक म्हणतोय "गॅस संपलाय साहेब, भरून देतो", आणि तुम्ही विचारात पडलाय की भरू की सरळ नवीनच घेऊ. आधी एक लक्षात घ्या, आर-२२, आर-३२, आर-२९० ही एसीतल्या थंड करणाऱ्या गॅसची नावं आहेत, आणि हा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नसतो, कमी झाला म्हणजे कुठूनतरी लीक झालाय आणि ओझोनचा सगळा प्रश्न त्या लीकमध्येच आहे.

बाहेरच्या युनिटवरचा स्टिकर वाचा. आर-२२ असेल तर त्यात क्लोरीन आहे. बाहेर पडलेल्या गॅसचा काही भाग हळूहळू वर जातो, जमिनीपासून १५ ते ३५ किमीवर जिथे बहुतेक ओझोन आहे तिथे, मग अल्ट्राव्हायोलेटमुळे रेणू फुटतो, क्लोरीन सुटतो, ओझोनमधला एक ऑक्सिजन पळवतो, तो दुसरीकडे सोडून परत मोकळा होतो आणि पुढच्या ओझोनला धरतो, असं करत एक क्लोरीन अणू लाखभर ओझोन रेणू संपवू शकतो. ओझोनचा हाच थर सूर्याची घातक यूव्ही-बी किरणं अडवतो, तो पातळ झाला की त्वचेचा कॅन्सर आणि मोतीबिंदू वाढतात, पिकांनाही फटका बसतो.

तरी आर-२२ हा यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार नाही हं. जुन्या फ्रिजमधला आर-१२ कितीतरी वाईट, तो हवेत शंभरेक वर्षं टिकतो. आर-२२ मध्ये हायड्रोजन आहे म्हणून तो बराचसा खालीच तुटतो, ओझोन बिघडवायची ताकद आर-११ च्या (हा जुना गॅस तुलनेसाठी धरतात) साडेपाच टक्के. अंटार्क्टिकावरचं छिद्र १९८५ ला उघड झालं, १९८७ ला असे गॅस बंद करायचा माँट्रियल करार झाला, आधी सीएफसी (आर-११, आर-१२ सारखे गॅस) गेले, आता आर-२२ ची पाळी. भारतात २०३० पर्यंत जवळपास बंद, त्यापुढे फक्त सर्व्हिसिंगपुरता थोडासा, म्हणजे गॅस मिळणं अवघडच होत जाणार.

आता नवीन मशीन. आर-३२ आणि आर-२९० दोन्हीत क्लोरीनच नाही, ओझोनला धोका शून्य, त्यामुळे "ओझोन फ्रेंडली" स्टिकर बघून यातला एक निवडता येत नाही. फरक आहे तो तापमानवाढीत. कार्बन डायऑक्साइड १ धरला तर आर-२२ साधारण १८००, आर-३२ चा ६७५, आणि आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन, त्याचा जेमतेम ३. सेलमध्ये स्वस्तात आर-४१०ए दिसला तर सोडून द्या, ओझोनला चांगला पण तापमानवाढीत २०८८, आर-२२ पेक्षाही वर!

मग सगळ्यांनी आर-२९० च का नाही घेत? कारण तो भडकन पेटतो, म्हणून गॅस मोजकाच भरतात आणि मेकॅनिक शिकलेला लागतो. गोदरेजने २०१२ पासून असे एसी आणले, पण तुमच्या गावात त्याची सर्व्हिस कोण देतो ते आधी विचारा. आर-३२ पण थोडा ज्वलनशील आहेच, पण बहुतेक ब्रँड्समध्ये मिळतो आणि मेकॅनिकच्या हातात बसलाय. माझं मत विचाराल तर चांगली सर्व्हिस असेल तर आर-२९०, नाहीतर आर-३२.

आणि जुनाच ठेवायचा असेल तर? लीक फ्लेअर नटपाशी (पाइप जोडणाऱ्या नटपाशी) असेल, नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट केली आणि टिकलं, तर रिपेअर करून वापरा की खुशाल, चांगलं मशीन टाकून देण्यात काय अर्थ आहे. पण कॉइलच सडली असेल आणि दर उन्हाळ्यात टॉप अप चालू असेल तर तो सगळा गॅस हवेतच चाललाय, अशा एसीचा नाद सोडा. आर-२२ च्या मशीनमध्ये आर-३२ भरू देऊ नका, त्याचं प्रेशर दीडपटीच्या वर असतं, आणि "प्रोपेन टाकून देतो, स्वस्तात होईल" म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा, ते मशीन त्यासाठी बनवलेलंच नाही.

जुना काढताना भंगारवाल्याला पाइप कापू देऊ नका, फुस्स करून उरलेला सगळा गॅस बाहेर जातो. कंप्रेसर चालू असेल तर मेकॅनिककडून पंप डाऊन करून घ्या म्हणजे गॅस आउटडोअर युनिटमध्ये अडकतो, आणि युनिट अख्खंच अधिकृत ई-वेस्टवाल्याला द्या, कॉपरचे पैसे थोडे कमी मिळाले तरी चालेल.