पीएचपीमेलर वापरून बघितलं, मेल का जात नाही ते निदान कळलं तरी

ताईच्या दिवाळी फराळाच्या ऑर्डरींसाठी एक छोटीशी साइट करून दिली होती. फॉर्म भरला की पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या मेल() फंक्शनने तिला मेल जाणार, बस एवढंच काम. फॉर्म भरला की "ऑर्डर पोचली" असं मस्त हिरव्या अक्षरात येतंय आणि ताईकडे काहीच नाही, स्पॅममध्येपण नाही, आणि मी दोन दिवस कोडकडे बघत बसलोय कारण मेल() तर ट्रू, म्हणजे "जमलं", देतंय ना! नंतर डोक्यात प्रकाश पडला की त्या ट्रूचा अर्थ सर्व्हरवरच्या मेल प्रोग्रामने ते घेतलं एवढाच. पत्र पेटीत पडलं, पुढे पोस्टमनने काय केलं ते विचारू नका.

मग पीएचपीमेलर टाकलं, म्हणजे पीएचपीतून मेल पाठवायची लायब्ररी (तयार कोड). फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००१ पासून चालू आहे. कंपोजर (पीएचपीच्या लायब्ररी उतरवून देणारं टूल) नसेल तर तीन फाइली कॉपी करून पण भागतं.

याची खरी मजा म्हणजे एसएमटीपीडीबग ही सेटिंग (एसएमटीपी म्हणजे मेल पाठवायची पद्धत). तो २ वर ठेवला की तुमची स्क्रिप्ट आणि मेल सर्व्हर एकमेकांशी काय बोलतायत ते सगळं स्क्रीनवर येतं. मी जीमेलचा सर्व्हर, ५८७ पोर्ट (सर्व्हरचं मेल घ्यायचं दार) दिला होता, तर तिथे बोलणंच सुरू होत नव्हतं, टाइमआउट. होस्टिंगवाल्यांना चॅटवर विचारलं, पहिले दोघं म्हणाले "सर, आमच्याकडून सगळं ओके आहे", तिसऱ्याने कबूल केलं की शेअर्ड प्लॅनवर (एक सर्व्हर अनेकांत वाटलेला) बाहेरचं एसएमटीपी बंद असतं, डोमेनचाच मेलबॉक्स वापरा. अरे मग आधी सांगा ना! तो वापरला, ४६५ पोर्ट, एसएसएल (कुलूपबंद कनेक्शन), लगेच गेलं.

गेलं, पण स्पॅममध्ये. ही चूक माझी. 'फ्रॉम'मध्ये मी गिऱ्हाइकाचा पत्ता टाकत होतो, म्हणजे आपल्या सर्व्हरने दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवल्यासारखं झालं, समोरचा संशय घेणारच. फ्रॉम आपल्या डोमेनचा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता रिप्लाय-टू मध्ये, असं पाहिजे. शिवाय डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींत) एसपीएफ (या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरने पाठवायचे ते) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही तपासायची किल्ली) पण टाकून घ्या, फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दोन्हीपैकी एक तरी लागतंच, तुम्ही दिवसाला चारच मेल पाठवत असलात तरी. हे काम लायब्ररी करून देत नाही, आपणच करायचं.

एक स्टार कापतोय तो मराठीसाठी. सब्जेक्टमध्ये "चकली २ किलो" लिहिलं तर ताईला नुसता अक्षरांचा चिवडा दिसला. मी वापरलेल्या सहाव्या व्हर्जनमध्ये कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) आपोआप यूटीएफ-८ नसतो, ज्यात मराठी बसते, तर आयएसओ-८८५९-१ असतो, ज्यात ती बसत नाही. एका ओळीचं काम आहे पण ती ओळ लागते हे कळायला माझी एक संध्याकाळ गेली.

आणि काम झालं की डीबग आठवणीने ० करा. मी विसरलो, आणि ते सगळं संभाषण आधीच छापलं गेल्यामुळे पुढच्या पानावर रीडायरेक्टच होईना, पण त्यावर परत अर्धा तास शिव्या मात्र होस्टिंगवाल्यांना घातल्या.

जुन्या ट्यूटोरियलमधली ५.२ वाली झिप उचलू नका हां. २०१६ च्या डिसेंबरमध्ये त्यात मोठं भोक सापडलं होतं, बाहेरचा माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकेल असं. नवीनच घ्या.